डावीकडून मराठी, उजवीकडून उर्दू

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, माजलगावच्या शाळेतला. सिंदफणेच्या काठी एक कडुलिंब उभा होता. त्याच्या फळ्या जोडून सुतारानं मला घडवलं. गावच्या बायांनी कोळसा वाटला, पाल्याच्या रसात कालवला आणि मला चोळचोळून काळंभोर केलं. चोळता चोळता त्या गात होत्या :

काळ्या गं रानात । कापूस फुलतो ।
फळ्यात खुलतो । शब्द तसा ॥

राज्य निजामाचं. कचेरीची भाषा उर्दू, चुलीपुढची मराठी, आणि शाळेत फळा एकच. म्हणून राधाकिशन गुरुजी माझ्या डाव्या कडेपासून लिहीत यायचे, जलालुद्दीन मौलवी उजव्या कडेपासून. मधोमध गाठ पडली की दोघं आपापल्या दाढीमिशांतली खडूची भुकटी झटकायचे.

शाळा नुसती पोरांची नव्हती. पटकीच्या साथीत मला उचलून वेशीत उभं केलं. ‘पाणी उकळून प्या’, दोघांनी दोन लिप्यांत लिहिलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना पोरांनी वाचून दाखवलं. किती घरांतली माणसं त्या अक्षरांमुळं वाचली, हे गाव अजून बोलतं. इथं शिकलेला कुणी डाकवाला झाला, कुणी कचेरीत बसला, कुणी दिंद्रुडला जाऊन स्वतःच मास्तर झाला.

अशी पंचवीस वर्षं सरली. गावानं समारंभ मांडला. दाराला आंब्याची डहाळी, अंगणात सडा. तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, मोठे साहेब यायचे होते. पण साऱ्यांच्या मनात एकच गोष्ट होती. आमची शाळा चौथीपर्यंतच. पुढं शिकायचं तर बीड गाठावं लागे.

चौथीत नसीम होती. तिची आई अजमतबी शाळेच्या दाराशी सीताफळं विकायची. ती म्हणायची, “पोरीला बीडला कशी धाडू? पाचवी इथं निघाली तर ठीक. न्हाई तर माझ्यासंगं टोपलीपाशी बसंल.”

गुरुजी-मौलवींचं ठरलं होतं : कडांना दोघांचं स्वागत, मराठीत ‘स्वागत’, उर्दूत ‘खुशआमदीद’, आणि मधोमध मोठ्या अक्षरांत मागणी, ‘आम्हाला पाचवी द्या’. पण शाळेचा सण! दोघांचेही हात आनंदानं सैल सुटले. अक्षरं अशी ऐसपैस आली, की मधे बोटभरही जागा उरली नाही.

“मौलवीसाब, तुमचं खुशआमदीद बैलगाडीवानी आडवं आलंय. जरा मागं घ्या की!”

“मैं कावून मागं घेऊ? तुमचं स्वागत बघा, मांडी ठोकून बसलंय!”

“आधी कुणी लिहिलं?”

“आधी कुणी पसरलं, ते बोला!”

कुणीच स्वतःचं पुसेना. मी मधे उभा, दोन्हीकडून भरलेला, आणि मागणीचा पत्ता नाही. तेवढ्यात बाहेर टांगा थांबला.

साहेब आत आले, माझ्यापुढं उभे राहिले. “दोन्ही वाचणारं कुणी आहे?”

नसीम उठली. तिनं डावीकडून मराठी वाचलं, उजवीकडून उर्दू वाचलं. कुठं अडली नाही. भांडणारे दोघे ओठ हलवत तिच्याबरोबर एकमेकांचं वाचू लागले.

“शाब्बास! आता पुढं काय करणार?”

नसीमनं दाराकडं पाहिलं. “सीताफळं इकणार, साहेब. पुढची जमात, पाचवी, इथं न्हाई.”

मग गुरुजींनी भिजलं फडकं घेतलं आणि स्वतःचं ‘स्वागत’ पुसलं. मौलवींनी तेच फडकं ओढून ‘खुशआमदीद’ पुसलं. ओल्या अंगावर दोघांनी मिळून मागणी लिहिली. साहेब एवढंच म्हणाले, “हे आता लिहिलं नसतं तरी चाललं असतं. पोरीनं सांगितलंय.”

उन्हाळा सरता सरता पाचवीचा हुकूम आला. पहिल्या दिवशी अजमतबीनं टोपली खाली ठेवली आणि लेकीला वर्गाच्या उंबऱ्यापर्यंत पोचवलं. “जा बेटी,” म्हणाली, “मी हाय हितंच.”

मित्रांनो, मला खिळे मारू नका, माझ्यावर कोरू नका, ओल्या फडक्यानं हळू पुसा. एवढं केलंत तरी माझं निभेल. पण तुमच्याही शाळेचा असा सण येईल. तोरणं बांधून झाली की शेवटच्या इयत्तेतल्या मुलांजवळ जरा बसा, आणि विचारा, “पुढं काय?” उत्तर ऐकल्याशिवाय उठू नका.