ज्योत मान डोलावते

संध्याकाळ

शेगडीवर काहीच ठेवलेलं नसतं. बाबा ज्योत अगदी बारीक करतात, स्वयंपाकघरातला दिवा घालवतात आणि स्टुलावर बसतात. समोर बांगडीएवढा निळा गोल. शेजारी चहाचा कप, त्यावर बशी पालथी.

मी दारातून म्हणते, "बाबा, गॅस फुकट जळतोय."

ते हात वर करतात. म्हणजे गप्प बस.

मग ज्योत खाली जाते. विझत नाही, नुसती मान खाली घालते आणि पुन्हा ताठ होते.

"आला," बाबा म्हणतात, बशी काढतात आणि चहा पितात. ते कामावरून निवृत्त झाले तेव्हापासून आमच्याकडे चहाची हीच पद्धत आहे.

कोण आला

बाबा गावाच्या टोकाला, सरहद्दीजवळच्या मापनखोलीत होते. शेजारच्या देशातून येणारा गॅस एका जाड नळातून त्या खोलीत यायचा आणि तिथून गावभर जायचा. नळाच्या झडपेला गाडीच्या स्टिअरिंगएवढं लाल चाक होतं, आणि भिंतीवर दाब दाखवणारा काटा. टेकडीच्या पलीकडे, त्यांच्या देशात, तसलीच खोली, तसलंच चाक आणि तिथे बसणारा एक माणूस. त्याचं नाव आम्हाला कधी कळलं नाही. घरात त्याला 'पलीकडचा' म्हणायचे, जसं कुणी 'धाकटा काका' म्हणावं.

शाळा सुटली की मी त्या खोलीत जायची. तेलाचा वास, कान तुटलेला मोठा मग, हीटरवर वाळत टाकलेले माझे मोजे. बाबा काट्याची काच स्वतःच्या रुमालानं पुसायचे आणि त्याच रुमालानं माझं नाक. आईनं त्यावरून किती भांडणं केली!

रोज सकाळी दोघांनी फोनवर काटा वाचून दाखवायचा असा नियम होता.

— बेचाळीस.

— बेचाळीस.

— ठीक.

— ठीक.

बस. जास्त बोलायची सोय नव्हती, तिकडे फोन ऐकले जायचे. शिवाय बाबांना त्यांची भाषा शंभरापर्यंतच येत होती.

म्हणून मग काट्यानं बोलायचं ठरलं. ठरलं म्हणजे काय, कुणी ठरवलं नाही. एका संध्याकाळी पाळी संपताना पलीकडच्यानं आपलं चाक जरासं आवळलं आणि लगेच सोडलं. आमच्या खोलीतला काटा खाली वाकला आणि परत आला. बाबा बघत राहिले. मग त्यांनीही आपलं चाक आवळून सोडलं. इकडे आवळलं की नळातला गॅस तुंबतो आणि तिकडचा काटा वर जातो. म्हणजे तो मान खाली घालायचा आणि बाबा त्याची मान वर करायचे. पुढे रोजचंच झालं ते.

"काय म्हणाला?" मी विचारायची.

"निघतो म्हणाला."

"आणि तुम्ही?"

"सावकाश जा म्हटलं."

तो हिवाळा

आमच्याकडे निवडणूक होती. तिकडच्या राज्यकर्त्यांना आमचं निवडून येणारं सरकार पसंत नव्हतं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. नीट मत द्या, नाहीतर थंडीत बसा.

मतदानाच्या आदल्या दिवशी ऐन दुपारी काटा वाकला. परत आला. पुन्हा वाकला. पाळी संपायला अजून अवकाश होता. बाबा सांगतात, "तो काटा मान डोलावत नव्हता ग, हातापाया पडत होता." त्यांनी वरच्यांना न विचारता गावाकडे जाणारे फाटे बंद केले आणि नळात होता तेवढा गॅस इस्पितळासाठी राखून ठेवला. थोड्याच वेळात काटा शून्यावर आला आणि तिथेच पडून राहिला.

माझ्या आठवणीत दुसऱ्या दिवशीचं आई-बाबांचं मतदान आहे. शाळेचा वर्ग, बाकांवर घोंगड्या, हातमोजे घालून शिक्का मारणारे लोक, सगळ्यांच्या तोंडातून वाफ. वरच्या मजल्यावरच्या काकू गाणं शिकवायच्या, त्या रांगेत उभ्या राहून म्हणत होत्या, "नाक गळलं तर गळू दे, मत नाही गळू देणार."

गॅस पुन्हा सुरू झाला तेव्हा फोनवर दुसराच आवाज होता.

— चाळीस.

— चाळीस.

— ठीक.

संध्याकाळी काटा हलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाबा मात्र आपलं चाक रोज आवळून सोडायचे, निवृत्त होईपर्यंत.

सभेत बाबा काय म्हणाले

त्याच हिवाळ्यात, गॅस बंद असतानाच, ते गावाच्या सभेत बोलले, आयुष्यात एकदाच. उभे राहिले, टोपी काढली, कुठे ठेवावी ते न कळून परत घातली.

"आपल्या घरातली चूल दुसऱ्यानं विझवली," ते म्हणाले. "आता परत गॅस आला की आपण विसरणार. पण एवढं लिहून घ्या. या गावात यापुढे कुणाच्याही घरातला गॅस दुसऱ्यानं बंद करायचा नाही. सरकारनंही नाही, नगरपालिकेनंही नाही. ज्यानं त्यानं आपल्या हातानं करायचा."

सगळे हात वर झाले. तो आमच्या गावाचा नियम झाला.

त्यानंतर टेकडीवर पवनचक्क्या आल्या, शाळेच्या आणि इस्पितळाच्या छपरांवर सौर पत्रे चढले, तळघरांत बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढणारी यंत्रं बसली. गल्ली गल्ली गॅस सोडत गेली. आणि प्रत्येक घरी तोच सोहळा: शेजारीपाजारी स्वयंपाकघरात गोळा, घरचं माणूस कॉक फिरवणार, सगळे टाळ्या वाजवणार, कुणीतरी हमखास रडणार. नगरपालिकेतल्या आमच्या ऑफिसचा फिटर, ज्याला सगळे 'पाना' म्हणतात, तो फक्त बघायला उभा. त्याला हात लावायची परवानगी नाही. "मी म्हणजे लग्नातला भटजी," तो म्हणतो, "फरक इतकाच की मला जेवायला कुणी बोलवत नाही."

गावाचा हा सगळा बदल आता माझ्या टेबलावर असतो. आणि सबंध गावात गॅसवर दोनच घरं उरली होती, एकाच इमारतीतली. वर काकू. खाली आम्ही.

आता

पुन्हा निवडणूक आली. पुन्हा तिकडून धमक्या. या वेळी नगराध्यक्षीणबाईंनी मला बोलावून सरळ सांगितलं, "मतदानाच्या आत नळ बंद व्हायला हवा. एक घर जरी राहिलं तरी करार चालू राहतो. म्हणजे त्यांच्या हातात आपला कान राहतो."

"बाबा ऐकत नाहीत."

"नियम त्यांचाच आहे ना?"

"म्हणून तर."

पाना म्हणाला, "सांग ना त्यांना. वारासुद्धा रुसतो, पण मतं मोजून नाही रुसत."

मी सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पटतं मला. अगदी पटतं. पण तो परत कामावर आलाय, ठमे. रोज संध्याकाळी खूण करतो. मी कॉक बंद केला तर त्याला वाटेल इकडे कुणी उरलंच नाही."

नळाच्या आणि शेगडीच्या मध्ये दाब सारखा ठेवणारी किती यंत्रं असतात हे त्यांनीच मला शिकवलं. सरहद्दीवरची हालचाल आमच्या शेगडीपर्यंत पोचूच शकत नाही. पण काटा हलला की पलीकडे माणूस आहे, यावर ज्यानं उभी हयात काढली, तो ज्योत हललेली बघून दुसरं काय समजणार?

वरचा मजला

निदान काकूंचा तरी होकार घ्यावा म्हणून मी वर गेले.

"माझं काय," काकू म्हणाल्या, "मी तुझ्या बाबांसाठीच थांबलेय. एकट्यानं शेवटचं राहणं बरं नाही दिसत. बस जरा, अंगावर पाणी घेऊन येते, मग बोलू."

त्या न्हाणीघरात गेल्या. गॅसचा गिझर भक्कन पेटला. आणि खालच्या खिडकीतून बाबांचा आवाज आला.

"आला!"

एकच इमारत, एकच जुना बारीक नळ. वर गिझर पेटतो, खाली ज्योत वाकते.

काकू केस पुसत बाहेर आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या खुर्चीत टेकल्या.

"अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं ते माझ्या आंघोळीला मान देतायत?"

आम्ही हसलो, आणि मग दोघींचं हसू मध्येच थांबलं.

"आता ग?" त्या म्हणाल्या. "मी गिझर काढला तर त्यांना वाटेल तो माणूस गेला. नाही काढला तर नळ राहतो."

"हो."

"मग सांग त्यांना. तूच सांग. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

जिना उतरताना

पहिला प्रकार: बाबा, काकूंनी आज गिझर काढला. (आणि पुढे काहीच बोलायचं नाही. उद्या ज्योत हलणार नाही. ते काय समजायचं ते समजोत.)

दुसरा प्रकार: बाबा, पलीकडच्याचा निरोप आलाय, तो निवृत्त होतोय. (पायरीवर उभी राहून मी हे वाक्य दोनदा बोलून पाहिलं. छान वाटत होतं. म्हणूनच सोडलं. बाबांनी मला कधी खोटा काटा वाचून दाखवला नव्हता.)

तिसरा:

"बाबा, ती ज्योत काकूंच्या गिझरमुळे हलते."

त्यांनी कप खाली ठेवला.

"रोज?"

"रोज. आत्ता मी वरच होते."

ते ज्योतीकडे बघत राहिले. ती ताठ जळत होती.

"मला वाटलं, तो सुटून आला," ते म्हणाले.

मी दिवा लावायला गेले तर म्हणाले, "राहू दे." अंधारात त्यांचं नाक तेवढं निळं दिसत होतं. मला त्यांचा रुमाल आठवला, तेलाचा वास येणारा.

"मापनखोलीची किल्ली तुझ्या ऑफिसात असते ना?" त्यांनी विचारलं.

"असते."

"काकूंना म्हणावं उद्या सकाळी कॉक बंद करा. मग मी करतो. पण नळाचं मोठं चाकही मलाच फिरवायचंय."

मापनखोली

काकूंनी कॉक फिरवला आणि त्याच रडल्या. खाली बाबांनी फिरवला. निळा गोल आत ओढला गेला आणि शेगडी नुसती शेगडी उरली. पानानं टाळ्या वाजवल्या, मग आपण एकटेच वाजवतोय हे बघून थांबला.

मापनखोली लहान झाली होती. हीटर होता, कान तुटलेला मग नव्हता. काट्याच्या काचेवर धुळीचा थर. बाबांनी रुमाल काढला आणि काच पुसली. चाळीस.

"सगळी घरं बंद आहेत?" त्यांनी विचारलं.

"सगळी."

त्यांनी खोलीतल्या चिमणीचा कॉक उघडला. उरलासुरला गॅस छपरावरून जाळून टाकायला ती असायची. बाहेर ज्वाळेचा आवाज सुरू झाला आणि नळात पुन्हा ओढ आली. मग त्यांनी लाल चाकावर दोन्ही हात ठेवले. चाक करकरलं. जरासं आवळलं, सोडलं. तिकडे आता काटा वर गेला असणार. पुन्हा आवळलं, सोडलं. तिकडे जो कोणी असेल, तरुण असेल, त्याला कदाचित वाटेल इकडे काही बिघडलंय. कदाचित खोलीतला एखादा जुना माणूस मान वर करून बघेल.

मग बाबांनी चाक आवळत नेलं, पार शेवटपर्यंत. बाहेरची ज्वाळा शांत झाली.

टेकडीकडून येणाऱ्या नळाचा दाब दाखवणारा काटा अजून जिवंत होता. मी त्याच्यावर डोळे लावून उभी होते. वाकेल का? एकदा तरी?

मागे वळले तर बाबा दारात, टोपी घालत.

"थांबायचं नाही?" मी म्हटलं.

"पाळी संपली, ठमे. आधी जो निघतो तो उत्तराची वाट बघत नसतो." मग पानाकडे वळून म्हणाले, "चल रे. तुला कुणी जेवायला बोलवत नाही म्हणतोस ना?"

संध्याकाळ

मतदानाच्या दिवशी शाळेच्या वर्गात लोक कोट काढून, खुर्चीच्या पाठीवर टाकून रांगेत उभे होते. तिकडून आदल्या दिवशी पुरवठा बंद झाल्याची बातमी रेडिओवर आली. पाना म्हणाला, कळवल्याबद्दल आभारी आहोत.

घरी बाबा विजेच्या शेगडीसमोर स्टूल घेऊन बसले होते. काळी काच. तिच्यात बघण्यासारखं काही नाही. कपावर बशी पालथी.

मी दारात कोट काढत होते, तेवढ्यात छतावर धप्प आवाज झाला. परत एकदा, धप्प. काकू पाय आपटत होत्या.

"चालले हो आंघोळीला!" वरून आवाज आला.

बाबांनी मान वर केली.

"ऐकू येतंय!" ते ओरडले. "छत पाडू नका!"

आणि बशी काढली.