साडेतेरा हजार किलोमीटर

दुपारी एकला मनोजचा अमेरिकेतून फोन आला, निघालो म्हणून, विमानात बसतोय. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात वत्सलाबाईंनी आठ दिवसांत पहिल्यांदा मान उचलली. डोळ्यांना कधीचं दिसत नव्हतं, पण कान मेले अगदी शाबूत! किती वेळ लागेल, त्यांनी विचारलं. ज्योत्स्नानं, त्यांच्या मुलीनं, मोबाइलमध्ये बघून सगळं नीट सांगितलं आणि तिथंच चुकली बिचारी. साडेतेरा हजार किलोमीटर, विमानाचे सोळा तास, मुंबईत बाहेर पडायला दोन, तिथून नाशिक चार. बावीस तास.

म्हातारीनं आकडा पक्का धरला. म्हणजे उद्या अकरा. आता पाणी प्यायचं ते मनोजच्या हातचंच, म्हणाली, आणि ओठ मिटले. जाणाऱ्याच्या तोंडात शेवटचं पाणी मुलानं घालायचं, ही त्यांच्याकडची रीत. बाईसाहेबांनी ती इतकी ताणली की मधला एखादा घोट शेवटचा ठरेल ही जोखीमच नको. डॉक्टर तर बजावून गेले होते, चमचा चमचा पाजत राहा, नाहीतर दोन दिवससुद्धा निघायचे नाहीत.

चारला मनोजचा मेसेज आला. विमानात बसलोच नाही, व्हिसाचा घोळ आहे, आलो तर परत जाता येणार नाही. तिला सांग निघालाय म्हणून, तिला काय कळतंय.

काय कळतंय म्हणे! म्हातारी तासातासाला विचारत होती, विमान कुठवर आलं? ज्योत्स्ना सांगायची, समुद्रावर आहे. खरं सांगावं तर आई तिथंच प्राण सोडेल, खोटं सांगावं तर तिचा घसा सुकतोय. सहा वर्षं जिचं हगणं-मुतणं काढलं, तिच्या तोंडाशी चमचा नेला की ती दात आवळून घ्यायची. ज्योत्स्नाला रडू यायचं आणि रागही यायचा.

पहाटे पाचला ज्योत्स्नाचा नवरा लहानू सातपूरहून रात्रपाळी करून आला. बायकोची दशा त्याला बघवेना. तो पलंगाशी बसला, आवाज बदलून म्हणाला, आई, मी मनोज, आलो.

म्हातारीनं तोंड फिरवलं. "माझा मनोज आत्ता कुठं मुंबईत उतरतोय. अजून सहा तास आहेत."

मग काय, बसले दोघं घड्याळाकडे बघत. म्हातारीची जीभ टाळ्याला चिकटली, बोलणं बंद झालं, पण दात काही सुटले नाहीत.

अकराला लहानू नवा शर्ट घालून, बॅग ओढत पुन्हा दारातून आत आला. तोच आवाज, तेच शब्द. मनोज अमेरिकेला गेल्यापासूनच्या नऊ वर्षांत मुलाचा आवाज फोनवर दोन-दोन मिनिटं ऐकलेला. म्हातारीनं ओळखलं ते फक्त वेळेला. तोंड उघडलं. एक चमचा, दोन चमचे, पाच चमचे गेले. जीभ सुटल्याबरोबर तिनं लहानूचं मनगट घट्ट धरलं.

"मनोज, ह्या ज्योत्स्नाला घरातली काडीसुद्धा देऊ नकोस. सहा वर्षं हिनं मला उपाशी मारलं. कालपासून घोटभर पाणी दिलं नाही मेलीनं."

लहानूचा हात थांबला. खरं काय ते बोलायला त्याचं तोंड उघडलंच होतं. ज्योत्स्नानं मागून त्याचा खांदा दाबला. आयुष्यात नवऱ्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं तिनं.

"घाल मनोज," ती म्हणाली, "अजून एक चमचा घाल."