चाळीस कुकर आणि पौलाचं पत्र

आमच्या चर्चमध्ये माझ्याइतकं चांगलं वाचन कुणी करत नाही. हे मी स्वतःच सांगतोय, म्हणजे बघा. महिन्यातून एकदा रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलमधलं दुसरं वाचन माझ्याकडे असतं आणि त्याची तयारी मी आठवडाभर करतो. कुठे थांबायचं, कुठे मान वर करायची, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं पेन्सिलीनं खुणा करून. बायको म्हणते, "अहो, देवाचा शब्द आहे तो, तुमचं भाषण नव्हे." तिला आवाजातलं काही कळत नाही, अशी माझी समजूत होती.

पोटासाठी मी कुकरच्या कारखान्यात तपासनीस आहे. कुकरमध्ये हवा भरायची, पाण्याच्या टाकीत बुडवायचा आणि मोजून एक मिनिट बघत राहायचं. बुडबुडा आला की नापास, नाही आला की शिक्का. फार अक्कल लागत नाही, फक्त डोळे पाण्यावर हवेत. कारखान्यात मला 'पाद्री' म्हणतात, कारण मी डबा उघडताना क्रूसाची खूण करतो आणि कुणाची खोटी हजेरी लावत नाही. नाव चिडवण्यासाठी ठेवलेलं, पण मला मनातून गुदगुल्या व्हायच्या.

त्या आठवड्यात वाचन आलं पौलाचं, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं. प्रभूची साक्ष द्यायला लाजू नकोस, भिऊ नकोस, असं पौल त्या तरुण शिष्याला बजावतो, आणि तेही तुरुंगातून. असलं वाचन मिळालं की माझ्या अंगातच येतं. मंगळवारी मी वाचनाची पुस्तिका टाकीच्या कठड्यावर उभी केली आणि कुकर बुडवता बुडवता पौल घोळवू लागलो. पंप घरघरत होता, ऐकायला चिटपाखरू नव्हतं. मी असा काही रंगलो की हात कुकर बुडवतायत, हातच शिक्के मारतायत आणि डोळे पुस्तिकेवर. चाळीस कुकर असेच गेले.

शुक्रवारी माल उचलायला व्यापाऱ्याचा माणूस आला. त्यानं त्याच चाळिसातले कुकर टाकीत बुडवून बघितले, तर अकरांतून भराभर बुडबुडे. झाकणाच्या रबरी रिंगांना बारीक चिरा होत्या. मी मंगळवारी पाण्यात बघितलं असतं तर तेव्हाच कळल्या असत्या.

मॅनेजरनी आम्हाला टाकीपाशी बोलावलं, मला आणि रिंगवाल्या ताईला. टेस्ट झाली की रिंग काढून, पुसून पुन्हा बसवायची, हे ताईचं काम. चौदा वर्षं ती तेच करत होती.

"टेस्टला पास झालेला माल आहे," मॅनेजर म्हणाले. "पाद्रीबाबांचा शिक्का आहे आणि हा माणूस खोटा शिक्का मारणार नाही. म्हणजे रिंगा तुमच्याच हातून फाटल्या, ताई."

"नाही हो साहेब, देवाशपथ नाही." ती माझ्याकडे वळली. "दादा, तुम्ही तरी सांगा."

आणि या वाचनसम्राटानं काय केलं? घसा खाकरला. म्हणाला, "शिक्का मीच मारला होता." शब्दन् शब्द खरा! खोटं न बोलता एका बाईचा गळा कसा कापावा, ते माझ्याकडून शिकावं. सोमवारी येऊन राजीनाम्यावर सही करा, असं मॅनेजरनी तिला सांगितलं. ती पदर सावरत निघून गेली.

मला भीती नोकरीची होती, पण त्याहून जास्त हसं होण्याची. कुकर सोडून बायबल घोकत होतो, हे सांगायचं कोणत्या तोंडानं?

शनिवारी संध्याकाळी मी पापनिवेदनाला गेलो. माणसाला तोंड दाखवायचं नसलं की मी देवाकडे जातो, ही माझी जुनी खोड. जाळीपलीकडे बसलेल्या फादरांना म्हटलं, "कामात लक्ष नव्हतं, त्यामुळे एका बाईंना थोडा त्रास झाला." थोडा त्रास!

"त्यांना सांगितलंत?" फादरांनी विचारलं.

"म्हटलं, आधी देवाला सांगावं."

"देवाला ठाऊक होतं," फादर म्हणाले. "ज्यांना ठाऊक नाही, त्यांना सांगा."

रविवारी मी वाचायला उभा राहिलो. साक्ष द्यायला लाजू नकोस, या ओळीपाशी आलो आणि आवाजच फुटेना. पेन्सिलीची खूण तिथे नव्हती. कसंबसं उरकून खाली आलो, तर मिस्सेनंतर दोघीतिघी डोळे पुसत म्हणाल्या, "आज काय भाव ओतलात हो!" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

घरी जाताना बायकोला सगळं सांगितलं. ती चालता चालता थांबली. "मग आज तुम्ही तिथे उभे राहिलातच कसे?" एवढंच म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

सोमवारी सकाळी मी थेट मॅनेजरच्या खोलीत गेलो आणि सांगून टाकलं, "चूक ताईची नाही, माझी आहे. मी न बघताच शिक्के मारले."

मॅनेजर हसले. "पाद्रीबाबा, बाईची नोकरी वाचावी म्हणून स्वतःवर घेताय! देवमाणूस आहात. पण खोटं बोलणं तुम्हाला जमत नाही. जा, कामाला लागा."

खरं सांगतो, मोह झाला. सांगून तर झालं होतं, वर फुकटात देवमाणूसही ठरलो होतो. पाय दाराकडे वळलेसुद्धा. मग माझी मलाच किळस आली. बाहेर बाकावर ताई बसली होती, सहीला बोलावतील म्हणून वाट बघत.

मी टेस्टचं रजिस्टर आणून मॅनेजरपुढे उघडलं. "वेळ बघा. चाळीस कुकर, वीस मिनिटांत. एकाला एक मिनिट लागतं. सही कुणाची आहे?"

त्यांनी दोनदा वाचलं. "काय करत होतात?"

"रविवारचं वाचन पाठ करत होतो. बायबलमधलं."

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं. शिक्का माझ्याकडून काढून घेतला आणि मला खोकी चढवायला धाडलं, ते आजतागायत. ताईला आत बोलावून म्हणाले, "बसा तुमच्या जागेवर. माझं चुकलं."

सुट्टी झाल्यावर मी तिला फाटकापाशी गाठलं. "ताई, मला माफ—"

"ते नंतर," ती म्हणाली. "आधी घरी चला. माझ्या सासूबाई रिंगांच्या याच कामावर थकल्या आणि स्वतःची जागा मला देऊन घरी बसल्या. शुक्रवारपासून माझ्याशी बोलत नाहीत. म्हणतात, नाक कापलंस माझं. त्यांना तुमच्या तोंडानं सांगा."

गेलो. म्हातारी खाटेवर बसून जुनी चादर शिवत होती. मी उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं. पुस्तिकेचंही. खुणाबिणा काही नाहीत, अडखळत, जसं येईल तसं.

"मग शुक्रवारी का नाही बोललास?" तिनं विचारलं.

"घाबरलो होतो, आजी."

तिनं सुई चादरीत टोचून ठेवली. माझ्याकडे पुन्हा बघितलंसुद्धा नाही. हात भिंतीला टेकवत उठली, सुनेजवळ गेली आणि म्हणाली, "तीन दिवस झाले. नीट जेवलीस तरी का गं?"

ताई तिथेच दाराला टेकून रडायला लागली.