डावा तळहात

“हात सोड, शिष्टरबाई. माझा हाय तो.”

१९८३ साल. लातूर जिल्हा होऊन वर्ष उलटलं होतं, पाणी टँकरनं यायचं. मी तिथल्या एका छोट्या दवाखान्यात नर्स होते. हे बोलणारी शरणम्मा निलंग्याकडची, साठीची. आटलेल्या विहिरीत घागर घेऊन उतरताना घसरली आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर काढलं, तर तळहात वर वळेना.

गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय ती अन्नाला शिवत नसे. प्लास्टर होतं तोवर लिंगाला नुसता उजवा हात लावून भागवलं होतं.

डॉक्टर म्हणाले, “या वयात इतकंच व्हायचं. उजव्या हातावर घ्या.”

मुलगा शिवलिंगही म्हणाला, “अव्वा, देव काय हात बघतो का?”

“देव न्हाई बघत. मी बघते.”

शेकायला पाणी नव्हतं. मी वाळू तापवून पुरचुंडी बांधायची, मग लिंगाच्या जागी तिच्या तळहातावर सुपारी ठेवायची. ती कळवळली की “लई दुखतंय का?” विचारून थांबायची. सहाव्या दिवशी ती उखडली.

“दुखणारच की! दुखतंय का म्हणून इचारू नको. किती जमंल, ते इचार.”

विचारलं.

“धा मोजस्तोवर सुपारी ऱ्हाईल.”

सातला पडली. दुसऱ्या दिवशी दहापर्यंत राहिली. मग ती वीस म्हणाली. दुखणं तेवढंच होतं, कपाळावर घाम तसाच यायचा. पण ती हात आखडून घेईनाशी झाली.

तिसऱ्या आठवड्यात तिनं लिंग काढून तळहातावर घेतलं. शिवलिंगनं घाबरून खाली ओंजळ धरली.

“काढ रे ती. खाली तुझा हात दिसला की माझा हात भितो.”

त्यानं ओंजळ मागं घेतली. विभूती, बेलपान, सगळं सावकाश झालं. लिंग हललं नाही. दारात डॉक्टर उभे होते.

“उजवा रिकामाच हाय, डॉक्टर. च्या सांगा.”

डॉक्टर पुढे किनवटला गेले, तिथंच राहिले. शिवलिंगनं उदगिरात दुकान टाकलं. मी नांदेडला निवृत्त झाले. शरणम्माचा हात पुरता कधी वळलाच नाही. कोपर पोटाशी टेकवून ती उरलेलं वळण भागवायची. अठ्ठ्याण्णव साली ती गेली. लिंगायत रिवाजानं बसवून समाधी दिली, तेव्हा जंगमांनी लिंग त्याच तळहातावर ठेवलं. हात जरा तिरपा होता. कुणी तो सरळ करायला गेलं नाही.