थर्झाची चढत गेलेली रेषा

मित्रांनो, मी एक जुनी शिडाची नौका आहे, आणि माझ्याखाली पाणी नाही. कॅनडाच्या किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशियातल्या एका गोदीच्या मागच्या अंगणात मी अकरा वर्षे लोखंडी टेकूंवर उभी आहे. माझ्या पोटाखाली गवत वाढते, आणि डोलकाठी कधीच उतरवून नेली आहे.

एल्डन वेंट्झेलने मला स्वतःच्या कोठारात बांधले. तो शाळेत सुतारकाम शिकवायचा. त्याची बायको मर्ना पोस्टाच्या खिडकीमागे बसून लोकांची दूरदूरची पत्रे वाटायची. माझा कणा ठेवला त्या दिवशी एल्डन तिला म्हणाला, "हिच्यातून आपण थेट अझोर्स बेटांना जाऊ."

"बेटं नाही दिसली तरी चालेल रे," मर्ना म्हणाली. "मला एकदाच असं उभं राहायचंय, की जिकडं बघावं तिकडं पाणी. किनारा म्हणून नजरेला पडायला नको."

त्याने हो म्हटले आणि मला तिच्या आईचे नाव दिले. थर्झा.

आमच्या खाडीच्या तोंडाशी दीपगृहाचे एक बेट आहे. त्याच्या पलीकडे खुला समुद्र. पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या लक्षात आले, की बेट जवळ आले म्हणजे सुकाणूवरचा एल्डनचा तळहात घामाने ओला होतो. "वारा फिरेलसं वाटतंय," असे म्हणून तो मला मागे वळवी. वारा फिरत नसे. एल्डन घाबरतो हे फक्त मला ठाऊक होते.

"एवढ्या लांब जायचं म्हणजे तुला थंडी बाधेल, मर्ना," तो धक्क्याला परतल्यावर म्हणाला. "आत एक शेगडी बसवतो. पुढच्या जूनमध्ये नक्की."

शेगडी बसली. मग जून आला आणि स्वयंपाकाची चूल आली. मी कितीही डोलले तरी तिच्यावरचे भांडे कलंडत नसे. मग खाऱ्या पाण्याचे गोडे करणारे यंत्र, मग फ्रीज. झोपेत लाटेने खाली पडू नये म्हणून बिछान्याच्या कडेला जाड कापडाचा आडोसा शिवला. वाऱ्याच्या जोरावर आपोआप चालणारे सुकाणू बसवले. गरम पाण्याचा शॉवरसुद्धा! लोक मला बघायला यायचे, गाद्यांवरून हात फिरवायचे. खरे सांगते, मला ते कौतुक आवडायचे.

प्रत्येक वस्तूचे वजन मला पाण्यात दाबत असे. म्हणून दर वसंतात एल्डन माझ्या पाण्याखालच्या अंगावरच्या लाल रंगाची वरची रेषा बोटभर वर चढवायचा. दूर जायची तयारी करणाऱ्या सगळ्याच नौकांची रेषा अशी चढते. फरक इतकाच, की त्या मग जातात.

शेजारचा कोळी क्लीव्ह शेवंडं पकडायला समुद्रात पिंजरे टाकायचा. एका वसंतात तो धक्क्यावरून ओरडला, "काय मास्तर, यंदा काय? चर्चमधला ऑर्गन तेवढा राहिलाय!"

"हसून घे. वादळात तू गारठशील, मी गरम सूप पीत बसेन."

"वादळ काय तुझ्या धक्क्यावर येणार आहे होय रे?"

धक्क्यावरचे सगळे हसले. मर्नाही हसली, पण माझ्यावर बसून बटाटे सोलणारा तिचा हात थांबला होता.

मग तिला पत्रांवरचे पत्ते दिसेनासे झाले. डॉक्टर म्हणाले, नजर हळूहळू जाईल, आणि गेलेली परत येणार नाही. त्या दिवशी ती एकटीच माझ्या केबिनमध्ये आली आणि एल्डन येईपर्यंत बसून राहिली.

"या जूनला जाऊ या. आता आणखी काही बसवू नकोस."

"बॅटऱ्या तेवढ्या बदलतो, अगं. वाटेत दिवे गेले तर?"

"माझ्या डोळ्यांना तुझे दिवे किती दिवस पुरणार आहेत, एल्डन?"

त्याने बॅटऱ्या बदलल्या. आणखी दोन जून गेले. तिसऱ्या जूनला, मर्नाला उजेड आणि सावली एवढेच कळत होते तेव्हा, तो तिला हात धरून माझ्यावर घेऊन आला. आम्ही सकाळी निघालो. बेट आले. त्याचा तळहात ओला झाला. त्याने मला बेटाच्या आडोशाला वळवले आणि शीड उतरवले. दोन्ही अंगांना झाडी होती, समोर दीपगृहाची पांढरी भिंत.

मर्ना काठाचा कठडा धरून उभी राहिली. "गेली का रे जमीन?"

एल्डनने उतरवलेल्या शिडाचा दोर मुठीत घट्ट धरला. मग म्हणाला, "गेली. चारी बाजूंनी पाणी आहे."

मित्रांनो, तेव्हा मला वाचा असती तर मी ओरडले असते. तेवढ्यात किनाऱ्यावर एक कुत्रे भुंकले, आणि दुसऱ्याने त्याला उत्तर दिले.

मर्ना तशीच उभी होती. "कुत्री पोहतात हं इथली," ती म्हणाली.

एल्डनने सुकाणूवर डोके टेकले. ती चाचपडत त्याच्यापाशी आली आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "किती केलंस माझ्यासाठी. नुसता दोर सोडायचा राहिला." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरे झाले असते.

त्यानंतर ती माझ्यावर आली नाही. दोन हिवाळ्यांनी ती गेली, आणि एल्डनने मला पाण्याबाहेर काढले. नंतर तोही गेला. चूल, फ्रीज, गाद्या, ज्याला जे हवे ते त्याने नेले. सोमवारी मला कापायला करवत येणार आहे. माझा तोल राखणारे कण्यातले शिसे वितळवतील, बाकीचे जाळतील. तुम्ही मला वाचवा असे मी म्हणत नाही. त्याला फार उशीर झाला.

एवढेच सांगते. कोणी तुमच्यापाशी साधेसे काही मागितले, तर त्याच्याभोवती सुखसोयींचा ढीग रचू नका. भीती वाटत असेल तर तसे सांगा. एल्डनने सांगितले असते, तर मर्नाने सुकाणू स्वतः हातात घेतले असते. कोळ्याची मुलगी होती ती; तिला ते लहानपणापासून येत होते. तिला कोणी विचारलेच नाही.