मागचं फाटक

हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला तसं त्यानं लोखंडी फाटक धाडकन लोटलं, अडसर सरकवला आणि खंदकात उडी मारली. हे सगळं हातांनी केलं. डोकं मागाहून आलं. पालथं पडून तोंडात माती गेल्यावर त्याला आठवलं, गवंड्यांची टोळी चहाला बाहेर गेली आहे.

विमानतळाला दोन फाटकं होती. पुढच्या फाटकातून अधिकाऱ्यांच्या गाड्या जात. तिथे मनोरा होता, तोफ होती, पहारेकऱ्यांची फौज होती. मागच्या फाटकाला एक पत्र्याची चौकी, वाळूच्या पोत्यांचा आडोसा, आणि पाळीला दोन माणसं. जोडीदार आत्ता जेवायला गेला होता. या फाटकातून स्वयंपाकी, धोबिणी, झाडूवाले आणि धावपट्टीवरचे खड्डे बुजवणारे गवंडी ये-जा करत. भोंगा झाला की आधी बाहेरच्यांना आत घ्यायचं, खंदकात उतरवायचं आणि मगच फाटक लावायचं, असा नियम होता. तो नव्या पोरांना हा नियम स्वतः शिकवायचा. लढाईआधी तो बसवर कंडक्टर होता, आणि इथेही सगळे त्याला कंडक्टरच म्हणत. "आधी पॅसेंजर, मग बेल," असं तो हसत सांगायचा.

फाटकावर हात आपटू लागले.

"उघडा! अहो, उघडा!"

त्या गलक्यात एक आवाज ओळखीचा होता.

"जावईबापू, दार!"

टोळीतले सगळ्यांत वयस्क गवंडी म्हणजे त्याचे सासरे. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. संध्याकाळी घरी येऊन कडी वाजवावी, तशी ती हाक होती. अडसर अगदी जवळ होता. उठून हात लांबवला असता तरी पोचला असता. कंडक्टरनं शिरस्त्राण दोन्ही हातांनी कानांवर ओढून घेतलं आणि डोळे गच्च मिटले.

बॉम्ब धावपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला पडले. जमीन हादरली, चौकीचा पत्रा थरथरला, आणि मग सगळं गप्प झालं.

त्यानं फाटक उघडलं तेव्हा माणसं रस्त्याकडेच्या गटारातून उठत होती. कोणाचा जीव गेला नव्हता. एक धोबीण हुंदके देत होती. सासऱ्यांचं कोपर सोलवटून रक्ताळलं होतं, आणि दुसऱ्या हातानं ते तिच्या पाठीवरची माती झटकत होते.

चौकीप्रमुख जीपमधून उतरला. त्यानं गटाराकडे पाहिलं, मग फाटकाकडे.

"माणसं बाहेर आणि फाटक बंद? हा काय प्रकार आहे?"

कंडक्टरनं शिरस्त्राण काढून हातात घेतलं. कोणीच त्याच्याकडे पाहत नव्हतं.

"साहेब," सासरे पुढे झाले, "आम्ही लांब होतो. हे थांबले होते, हाका मारत होते. मीच खूण केली, लावून घ्या म्हणून. पोचलोच नसतो आम्ही."

"खरं का?" प्रमुखानं बाकीच्यांना विचारलं.

धोबिणीनं डोळे पुसले. तिनं म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली. मग इतर माना हलल्या.

"डोकं ठिकाणावर ठेवलंस. शाब्बास!" प्रमुखानं कंडक्टरच्या पाठीवर थाप मारली. ती त्याला कानाखाली बसल्यासारखी लागली.

संध्याकाळी सासरे लेकीकडे आले. बातमी पसरली होती; तिच्या जिवात जीव यावा म्हणून आले. कोपराला पट्टी होती. जेवताना त्यांनी तीच हकिकत तिखटमीठ लावून सांगितली. जावई शेवटपर्यंत कसे उभे होते, कसे ओरडत होते. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं नवऱ्याच्या ताटात न विचारता वाढलं.

"आणि तुम्ही चकार शब्द काढला नाहीत!" ती म्हणाली.

त्यानं पुढचा घास मोडला.

सासऱ्यांना पोचवायला तो गल्लीच्या तोंडापर्यंत गेला.

"मामा, मला हाक ऐकू आली होती."

"माहीत आहे मला."

"मग तुम्ही..."

"तुमच्यासाठी नाही बोललो," म्हातारा शांतपणे म्हणाला. "पोरीला तुमच्याबरोबर जन्म काढायचाय." आणि पट्टीचा हात छातीशी धरून ते चालू लागले.

सकाळी बायकोनं त्याच्या हातात डबा दिला. "बाबांचा हात दुखावलाय, एकटे काय करून खाणार? फाटकावर आले की द्या."

टोळी आली. कोणी रागावलेलं नव्हतं. फक्त रोजची थट्टा झाली नाही. सासरे त्यांच्यात नव्हते.

"म्हातारबाबांनी पुढच्या फाटकावरचं काम मागून घेतलं," मुकादम चपलेतला खडा काढत म्हणाला. "तिकडे पहाऱ्याच्या चौक्या पक्क्या बांधतायत. लांब पडेल म्हटलं, पण ऐकतात कुठले?"

कंडक्टरनं जोडीदाराला उभं केलं आणि कुंपणाच्या कडेकडेनं तो झपाझप निघाला. पुढच्या फाटकावर तपासणी कडक, रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. सासरे पुढेच होते. तो एका ट्रकच्या आडोशाला थबकला.

"इथे नवीन दिसता, बाबा," पहारेकरी म्हणाला. "विमानतळावर ओळखीचं कोणी? नातेवाईक वगैरे?"

म्हाताऱ्यानं क्षणभरही विचार केला नाही.

"नाही हो. कोणी नाही."

"जा."

सासरे आत गेले. कंडक्टर ट्रकमागे तसाच उभा राहिला. हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेली असती. मग तो मागे वळला. कुंपणापाशी, कोणाला दिसणार नाही अशा जागी बसून त्यानं डबा उघडला आणि पुसून संपवला. भरलेला डबा घरी नेणं शक्य नव्हतं.

संध्याकाळी बायको दारातच उभी होती.

"दिलात डबा?"

"दिला."

"काही म्हणाले?"

तो बुटांचे बंद सोडायला खाली वाकला.

"म्हणाले, छान झालंय."

तिचा चेहरा उजळला. रिकामा डबा हातात घेत ती म्हणाली, "मग आता रोजच देत जाईन."