खळ्यातल्या बिळाची मालकीण

मी एक जुनी, एकटीनं राहणारी माशी आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे करडई फुलायला लागली तेव्हाची. आता फुलं उतरणीला लागली आहेत आणि माझ्या पंखांच्या कडा झिजल्या आहेत. आमच्यात यालाच म्हातारपण म्हणतात.

आधी एक सांगून टाकते, कारण याच गोष्टीपायी माझा जीव मेटाकुटीला आला आहे. मी पोळं बांधत नाही. मला राणी नाही. मी मधाचा साठा करत नाही. आमचं कूळ लांब शिंगांच्या माश्यांचं. पण ती शिंगं, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, लांब असतात त्या फक्त नरांच्या. आमच्यात करडईवर जाणाऱ्या वेगळ्या, अंबाडीवर जाणाऱ्या वेगळ्या. कुणाच्या पोटावर पांढरे पट्टे, तर कुणी अंगभर तांबूस. माणसांना याचं काय! त्यांच्या लेखी माश्यांच्या जाती दोनच, मधाची आणि चावरी.

वालूरच्या शिवारात धोंडप्पाचं खळं आहे, तिथे माझा जन्म झाला. ज्वारी मळायचे दिवस सोडले तर ती घट्ट जमीन वर्षभर मोकळीच असते. तिथे आम्ही पुष्कळ जणी राहतो, पण जिचं तिचं बीळ वेगळं. मी मेढीच्या, म्हणजे खळ्यातल्या मधल्या खांबाच्या बुडाशी बीळ कोरलं. एक खोली करायची, परागाचा ओलसर गोळा ठेवायचा, त्यावर अंडं घालायचं आणि दार लिंपायचं. मग पुढची खोली. मदतीला कुणी नाही. आमचे नर संध्याकाळी करडईची काडी तोंडात धरून ओळीनं लटकतात आणि झोपी जातात. त्यांच्याविषयी बोलून काही उपयोग नाही.

महाशिवरात्र जवळ आली. यंदा रझाकारांच्या धास्तीनं मानवत गावचा बाजार धड भरत नव्हता. मळ्यातल्या महादेवाच्या अभिषेकाला धोंडप्पाच्या घरी दूध, दही, तूप, साखर सगळं होतं. पंचामृताला मध तेवढा नव्हता. आणि नेमक्या आम्ही त्याच्या नजरेस पडलो.

"नीलम्मा, हे बघ! करडईवरून उठायल्यात अन् खळ्यात शिरायल्यात. खाली पोळं हाय!"

"जमिनीत कुठं पोळं असतंय का?" त्याची बायको म्हणाली.

"महादेवाच्या मनात आलं तं असतंय."

तेवढ्यात एक नर घोंगावत आला, तर धोंडप्पानं उपरण्यानं त्याला खाली पाडलं. "ही शिंगाळी चावरी हाय. बिनशिंगी मधाची." मित्रांनो, नराला नांगीच नसते! नांगी असते मला.

त्यानं कुदळ आणली. शेजारणीचं बीळ फोडलं, पिवळा गोळा बोटावर घेऊन चाखला आणि तोंड वाकडं केलं. एवढ्यावर थांबावं की नाही? "वर असंच असतंय. खरी कोठी तळाला असंल," म्हणत तो खणतच राहिला. बिळांमागून बिळं फुटली. पांढऱ्या अळ्या उन्हात वळवळल्या आणि चिमण्या त्या टिपू लागल्या. मी त्याच्या कानाशी भणभणत होते. कुदळ माझ्या दाराशी आली.

"आवं, मेढीच्या बुडाला हात लावू नगा!" नीलम्मा ओरडली. "उद्या तिची पूजा हाय. मेढ हलली तं रास कशी लागंल?"

त्यानं कुदळ खाली ठेवली. माझी लेकरं वाचली ती अशी, मेढीच्या पुण्याईनं.

दुसऱ्या दिवशी खळं सपाट केलं, बैल फिरवले, शेणानं सारवलं. शेवटच्या खोलीचं दार मी पहाटेच लिंपलं होतं, म्हणून निभावलं. वर्षानं लेकी माती फोडून वर येतील. तेव्हा मी नसेन.

शिवरात्रीला धोंडप्पानं मधाऐवजी गूळ घातला. देवापुढे दिवा लागला, गेल्या साली निघालेल्या करडईच्या तेलाचा. त्या करडईच्या फुलांवर माझी आई राबली होती, तेव्हा कुठे त्यांत दाणा भरला होता. तिला मी कधी पाहिलं नाही, धोंडप्पानंही नाही. दिवा मात्र आम्हा दोघांनाही दिसत होता.

म्हणून सांगते, मित्रांनो, जमिनीत बारीकसं गोल बीळ दिसलं तर कुदळ आणण्याआधी जरा खाली बसा. करडई फुलेपर्यंत थांबा. आत कोण राहतं, ते माझी लेक स्वतः बाहेर येऊन सांगेल.